सकाळी तोंड कोरडं आणि कडू का होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. दाढदुखीखालोखाल मोबाईलवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उन्हाळा लागला की त्याला ऊत येतो. तेच ते उत्तर लिहून बोटं दुखली, म्हणून सगळे प्रश्न एका जागी घेतले आहेत. प्रश्न पाठवणाऱ्यांच्याच भाषेत आहेत. फक्त नावं काढली.

१. मॅडम, सकाळी उठलं की तोंड कोरडं ठाक आणि कडूजहर. हे पित्तच ना?

असेलही, पण लगेच शिक्का मारू नका. आपल्याकडे डोकं दुखलं तरी पित्त, मळमळलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. तोंडाच्या बाबतीत ‘कोरडं’ आणि ‘कडू’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या बऱ्याचदा जोडीने येतात, एवढंच. कोरडेपणा लाळ कमी पडल्याने येतो. कडूपणा तोंडात रात्रभर साचून राहिलेल्या घाणीने, खालून वर आलेल्या रसाने, नाहीतर औषधाने येतो.

चार-पाच दिवस एक करून बघा. उठल्यावर चूळ भरा, दोन घोट पाणी प्या आणि दहा मिनिटं थांबा. दोन्ही गेलं आणि दिवसभर परत आलं नाही, तर दोष रात्रीचा आहे, प्र. २ ते ४ वाचा. कोरड गेली पण कडू चव न्याहारीनंतरही राहिली, तर प्र. ५, ७ आणि ९. दिवसभर कोरड, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, असं असेल तर सरळ प्र. ९ आणि १० वर जा.

२. पण दिवसा काही नसतं, रात्रीच का?

दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. झोपेत हे काम जवळजवळ बंद पडतं. लाळ म्हणजे नुसतं पाणी नाही. ती आम्ल मारते, जंतूंना आवर घालते आणि अन्नाचे कण धुऊन नेते. रात्री हा झाडलोट करणारा माणूसच रजेवर असतो. जंतू मात्र कामावर असतात आणि त्यांनी केलेली घाण सकाळी जिभेवर लागते. त्यामुळे सकाळी तोंड थोडं चिकट, थोडं बेचव असणं हे सगळ्यांचंच आहे. त्यावर औषध लागत नाही.

३. आम्ही कूलर लावून झोपतो. कूलरच्या हवेनं तोंड सुकतं का?

कूलरची हवा ओलसर असते, त्यामुळे ती स्वतः तोंड सुकवत नाही. एसीची हवा मात्र कोरडी असते. आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत माळवदावर किंवा गच्चीवर झोपलात, तर ती कोरडी हवा एसीपेक्षा काही कमी नाही.

खरा प्रश्न हवेचा नसून तोंड उघडं राहण्याचा आहे. नाक चोंदलं की माणूस झोपेत तोंडाने श्वास घेतो आणि रात्रभर वारं आत-बाहेर होऊन तोंडाची चामडी होते. कूलरचा दोष असलाच तर तो इथे आहे: दोन-दोन वर्षं न बदललेलं गवत, टाकीतलं शेवाळलेलं पाणी, त्यातून येणारा कुबट वास. अशा हवेने ॲलर्जी असलेल्याचं नाक चोंदतं. गवत बदला, टाकी आठवड्याला रिकामी करून घासा (डासांसाठीही ते करायलाच हवं) आणि वारं थेट तोंडावर घेऊ नका.

नाकाचं हाड वाकडं असेल, लहान पोराच्या नाकामागच्या गाठी वाढल्या असतील, तर नुसतं गवत बदलून भागणार नाही. रोज तोंड उघडं टाकून झोपणारं, घोरणारं मूल कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. ‘मोठा झाला की जाईल’ म्हणत बसलं तर पोराच्या जबड्याची ठेवणच बदलते.

४. आमचे हे इतके घोरतात की शेजारी ऐकू जातं. त्याचा संबंध आहे का?

आहे, आणि तोंडापुरता नाही. घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो, मग घुसमटल्यासारखं करून माणूस दचकतो. सकाळी तोंड सुकलेलं, डोकं जड, दिवसा बसल्या बसल्या डुलकी. असं असेल तर त्याला झोपेतला श्वासरोध म्हणतात. त्याने बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो. गाडी चालवणाऱ्या माणसाने तर हे अजिबात लांबवू नये. यजमानांना पटत नसेल तर रात्री मोबाईलवर आवाज टेप करून ऐकवा. हा उपाय माझ्या माहितीत वादापेक्षा चांगला चालतो.

५. रात्रीची लाईट असते, मोटर चालू करून पाणी देऊन यायला दोन वाजतात. मग जेवून लगेच पडतो. सकाळी तोंडात कडू-आंबट पाणी. काय करावं?

इथे मात्र तुमचं पित्त खरं. फक्त नाव थोडं सुधारू. खरं पित्त यकृतात तयार होतं. ते हिरवट-पिवळं आणि कडू. जठरात असतं ते आम्ल, त्याची चव आंबट. भरल्या पोटी आडवं झालं की अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडून आम्ल वर घशापर्यंत येतं. बहुतेकांचं तोंड या आंबट-कडवट पाण्याने बिघडतं. निव्वळ पित्त वर येणं हे त्या मानाने कमी. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्यांत किंवा जठराच्या ऑपरेशननंतर ते दिसतं.

छातीत जळजळ नसली तरी आम्ल वर येऊ शकतं. सकाळी घसा खवखवणं, आवाज बसलेला असणं, सारखं खाकरावं वाटणं या त्याच्याच खुणा.

जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं, हे सगळेच डॉक्टर सांगतात. रात्रीच्या लाईटीवर जगणाऱ्याला ते कसं जमावं हे कुणी सांगत नाही. तुमच्यासाठी: मुख्य जेवण शेतात जायच्या आधी, सात-आठला करा. परत आल्यावर भूक लागलीच तर अर्धी भाकरी नि दूध, एवढंच. तर्रीची आमटी, ठेचा, तळलेलं त्या वेळी नको. बाजेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा घालून ती बाजू वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. नुसत्या उशा रचून उपयोग नाही, त्याने पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. आणि बांधावर जागं राहायला लावलेली तंबाखूची चिमूट ही झडप सैल करते, हेही लक्षात असू द्या.

६. मेडिकलवाल्यानं दिलेली पित्ताची गोळी दोन वर्षांपासून रोज घेतो. तरी तोंड कडूच. गोळी बदलू का?

दोन वर्षं गोळी घेऊनही कडूपणा तसाच असेल, तर मुळात कारण वेगळं असण्याची शक्यता जास्त. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात. जेवल्यावर घेतली तर काम अर्धवट होतं. काहींना याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं, मग जीभ लाल होऊन चरचरते आणि माणूस परत म्हणतो ‘पित्त वाढलं’. गोळी एकदम तोडू नका, काही दिवस जळजळ उसळते. डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करा.

७. दात तर दुखत नाहीत. मग तुम्ही सारखं हिरड्या बघायला का सांगता?

कारण हिरड्या दुखत नाहीत. किडलेली दाढ माणसाला रात्री दोनला उठवते. सडकी हिरडी दहा वर्षं गप्प बसून दात हलवून ठेवते. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत कीटण साचतं, त्याखाली पू होतो आणि तो रात्रभर थेंब थेंब तोंडात उतरतो. चव कडू, खारट, घाण. घासताना ब्रशला रक्त लागणं ही पहिली खूण. सकाळी उशीवर तांबूस डाग ही त्याच्या पुढची.

दवाखान्यात कीटण काढायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. ‘मशीनने दात झिजतात, हलतात’ ही भीती मी रोज ऐकते. दात कीटणाने आधीच हलत असतात. कीटणाचा टेकू काढला की ते कळतं, एवढंच.

आणि जीभ. पुष्कळ लोक दात चकाचक करतात नि जिभेच्या मागच्या भागावर पांढरा-पिवळा थर तसाच ठेवतात. सकाळच्या चवीचा मोठा वाटा त्या थराचा. पट्टीने हलक्या हाताने, मागून पुढे, तीन-चार वेळा खरवडा. रक्त येईपर्यंत नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रात्री झोपताना दात घासणं. सकाळचं एक वेळ चुकलं तर चालेल, रात्रीचं नाही. का ते प्र. २ मध्ये आहे.

८. मी पेस्ट वापरत नाही, मशेरी लावते. तिनं तोंड साफ राहतं की!

मावशी, मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. ती दात घासण्यासाठी सुरू होते आणि मग दिवसातून चार वेळा लागते, कारण हिरडीतून निकोटिन रक्तात जातं. ‘लावली नाही तर पोट साफ होत नाही’ हे त्या सवयीचंच बोलणं. तोंडाची चव मरते, हिरड्या दातांपासून सुटतात, आणि तुम्हाला जो सकाळचा कडूपणा वाटतो त्यात रात्रीच्या मशेरीचा भाग असतो. राखुंडीत तंबाखू नसली तरी ती दातांवरचं कवच खरवडते.

गुटखा नि सुपारीवाल्यांसाठी एक घरची परीक्षा: आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांच्या मध्ये घाला. जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर आतली चामडी आवळत चालली आहे. हा कॅन्सरच्या आधीचा टप्पा असू शकतो. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या तोंडावरून ते ओळखू येत नाही.

९. कोणत्या गोळ्यांनी तोंड कोरडं किंवा कडू होतं?

यादी लांब आहे. आपल्याकडे नेहमी दिसतात त्या एवढ्या:

कोरडं करणाऱ्या: सर्दी-खाजेच्या सेट्रिझिनसारख्या गोळ्या, झोप किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलिन, सारखी लघवी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या, आणि बीपीतल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या.

चव बिघडवणाऱ्या: जुलाबावर दिली जाणारी मेट्रोनिडाझोल (कडू, धातूसारखी चव, कोर्स संपला की जाते, आणि तिच्यावर दारू अजिबात नाही), क्लॅरिथ्रोमायसिन, शुगरची मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या. झोपेची एस्झोपिक्लोन ही तर खास सकाळचीच चोर: रात्री घेतली की दुसऱ्या दिवशी उठल्यावर तोंड कडू.

दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकायची असते, हे अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते आणि चव जाते.

स्वतःच्या मनाने बीपी-शुगरची गोळी बंद करू नका. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरपुढे ओता. ‘ती लाल गोळी’ यावरून कुणालाच काही कळत नाही.

१०. रात्रीतून तीनदा पाणी प्यायला आणि तीनदा लघवीला उठतो. वय ४५. हे उन्हाळ्यामुळे?

उन्हाळ्यात घाम जातो, लघवी कमी होते. तहान आणि लघवी दोन्ही वाढली तर आधी शुगर तपासा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आली, तर तो मधुमेह. खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतात. वजन उतरत असेल तर हा आठवडा ओलांडू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातही रक्ताचा थेंब घेऊन शुगर बघतात.

११. आमच्या बोअरचं पाणी मचूळ आहे. त्यानं तोंड कडू होतं का?

पिताना कडवट लागू शकतं. पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की तशी चव येते. पण ती चव रात्रभर टिकून सकाळी उगवत नाही. भारतीय मानकानुसार पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

बोअरच्या पाण्याची मला चवीपेक्षा फ्लोराईडची जास्त काळजी. ते लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर वाढत्या पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात, आणि फ्लोराईडला चव नसते. पाणी तपासून घ्या.

उलट्या बाजूनेही एक सांगते. टंचाईत वाढलेल्या आपल्या लोकांना पाणी कमी प्यायची सवयच आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टंचाई बघितलेल्या आज्या अजून तांब्याभर पाण्यात दिवस काढतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तर आडोसा नाही म्हणून पाणी पीत नाहीत. त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. निदान संध्याकाळी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर परतल्यावर दोन-तीन तांबे पोटात जाऊ द्या.

१२. नवरात्रात नऊ दिवस उपवास केले, तोंडाला विचित्र वास आणि चव. रोजात पण असंच होतं म्हणतात.

हो. पोटात अन्न नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी द्रव्यं श्वासातून बाहेर पडतात. वास थोडा सडक्या फळासारखा. चघळणं बंद, म्हणून लाळही कमी. उपवास सुटला की हे जातं. नवरात्रात साबुदाणा नि तळलेले शेंगदाणे खाऊन होणारी जळजळ वेगळी, ती प्र. ५ मध्ये. सहरीच्या वेळी जास्त मीठ-तिखट टाळलं तर दिवस हलका जातो. शुगरच्या इन्सुलिनवर असणाऱ्यांनी दोन्ही उपासांआधी डॉक्टरला विचारावं.

१३. ताप येऊन गेला, आता तोंड कडू पडलंय, अन्न गोड लागत नाही.

तापानंतर आठ-दहा दिवस असं चालतं. पेज, हुलग्याचं माडगं, लिंबू पिळलेलं वरण, जे जाईल ते खा. मात्र लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद, डोळे पिवळे, भूक मेलेली असेल तर ती कावीळ असू शकते. गावठी औषध घालायला जायच्या आधी रक्त तपासा.

१४. तिसरा महिना चालू आहे, तोंडात सतत नाणं ठेवल्यासारखं वाटतं.

गरोदरपणात संप्रेरकांच्या बदलाने अशी चव येते. बहुतेकींना चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत कमी होते. पाळी गेलेल्या बायकांना जिभेची आग आणि कडू चव, तोंडात काहीच न दिसता, त्रास देऊ शकते. ‘मनाचे खेळ’ म्हणून तिला गप्प बसवू नका. त्यावर इलाज आहे.

१५. आमच्या आजीची कवळी रात्री काढायची का?

काढायची, घासायची, साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. गरम पाण्यात नाही, वाकडी होते.

१६. कपाशीवर फवारणी केली त्या रात्री तोंड कोरडं आणि कडू. विषबाधा असेल का?

नीट वाचा. फवारणीची बरीच कीटकनाशकं लाळ वाढवतात. तोंडाला फेस, दरदरून घाम, मळमळ, अंधुक दिसणं, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं ही त्या विषबाधेची लक्षणं. यातलं काहीही दिसलं तर कपडे काढा, साबणाने अंग धुवा, १०८ ला फोन करा, औषधाची बाटली सोबत न्या. उलटी करवू नका. नुसतं कोरडं तोंड असेल तर बहुधा उन्हात घाम गेलेला असतो. पण खात्री वाटत नसेल तर दवाखाना गाठाच.

याच्या उलटी गोष्ट धोतऱ्याची. धान्यात बी मिसळून गेलं किंवा पोराने खाल्लं, तर तोंड अचानक ठणठणीत कोरडं, चेहरा लाल, बाहुल्या मोठ्या आणि बडबड सुरू. इथेही १०८.

१७. घरी काय करता येईल?

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून गुळण्या, गिळायचं नाही. उशाशी पाणी. जेवणानंतर बडीशेप. दारू मिसळलेलं माऊथवॉश टाळा, ते तोंड आणखी सुकवतं. लिंबू चोखून लाळ सुटते खरी, पण कोरड्या तोंडात ते आम्ल दातांचं कवच खातं. आणि ताक पितळी भांड्यात ठेवत असाल तर कल्हई बघा. कळकलेल्या ताकाने तोंड कडू होतं, वर उलट्याही होतात. तिथे दात घासून काय होणार?

१८. नक्की कधी डॉक्टरकडे जावं?

तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवडे भरला नाही, गिळताना अडकतं, वजन उतरतंय, शौच डांबरासारखं काळं, तोंडासोबत डोळेही कोरडे, वाळू गेल्यासारखे टोचतात. यातलं एकही असेल तर लगेच. बाकी सगळं करून महिना गेला तरी फरक नाही, तरीही. दात-हिरड्यांसाठी संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. नाक-घसा आणि पोटासाठी संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

१९. सगळं ठीक आहे. फक्त सकाळी दात घासून मोसंबी खाल्ली की कडू लागते. मोसंबी खराब का तोंड?

दोन्ही नाही. पेस्टमध्ये फेस येण्यासाठी जो घटक असतो, तो जिभेची गोड ओळखायची ताकद थोडा वेळ दाबतो आणि कडूपणा उघडा पाडतो. अर्धा तास थांबून खा. काढून ठेवलेला मोसंबीचा रस मात्र खरोखरच कडू होत जातो. तेवढ्यासाठी जालन्याच्या बागवाल्याशी भांडू नका. रस काढला की लगेच प्या.